फ्रेंच लिसेत मुलांचा प्रवेश: परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी पायरीपायरीने

बदली आबिजान (कोत दिव्होआर), किन्शासा (काँगो), अंतानानारिवो (मादागास्कर) किंवा कासाब्लांकाला (मोरोक्को) झाली की घराआधी शाळेचा प्रश्न उभा राहतो. दुबई-सिंगापूरसारख्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथे सहसा मिळत नाहीत. शहरातली नावाजलेली शाळा बहुतेकदा फ्रेंच, म्हणजे ‘लिसे’, असते: आबिजानचं लिसे जाँ मेर्मोझ, किन्शासाचं लिसे रने देकार्त, कासाब्लांकाचं लिसे लियोते. या शाळा 1990 साली स्थापन झालेल्या एईएफई या फ्रेंच सरकारी संस्थेच्या जाळ्यात मोडतात. सुमारे 600 शाळा, 130 हून जास्त देश, आणि विद्यार्थ्यांत बहुसंख्य मुलं फ्रेंच नसलेली. म्हणजे तुमचं मूल तिथे एकटं ‘परकं’ नसेल. पण शाळेची रीत मात्र पॅरिसची, आणि कार्यालयातला माणूस ती तुम्हाला माहीत आहे असंच धरून चालतो.

## 1. आत कसं जायचं याआधी बाहेर कधी पडायचं ते ठरवा

नेमणूक किती वर्षांची आहे आणि ती संपेल तेव्हा मूल कोणत्या इयत्तेत असेल, हे आधी कागदावर मांडा. तीन-चार वर्षांचं मूल दोन वर्षांसाठी घातलं तर नुकसान काही नाही, उलट एक भाषा पदरात पडते. आठवी-नववीच्या वयाचं, फ्रेंच न येणारं मूल दोन वर्षांसाठी घालणं मात्र जवळपास नेहमीच चुकीचं ठरतं: पहिलं वर्ष भाषेत जातं, दुसऱ्या वर्षी जरा सूर लागतो आणि तेवढ्यात परतायची वेळ येते. अशा वेळी त्याच शहरात इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर महाग पडली तरी तीच बघा.

नोकरी दर तीन वर्षांनी देश बदलणारी असेल तर हिशेब उलटा होतो. या जाळ्यातल्या एका मान्य शाळेतून दुसऱ्या देशातल्या मान्य शाळेत जाताना मुलाला प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही आणि अभ्यासक्रम तोच राहतो. भारतातही दिल्ली, मुंबई आणि पुदुच्चेरीला या जाळ्यातल्या शाळा आहेत. पुदुच्चेरीची तर 1826 पासूनची.

## 2. शाळेची मान्यता इयत्तेनुसार तपासा

नावात ‘फ्रेंच’, ‘लिसे’ किंवा ‘एकोल’ असलं म्हणून शाळा मान्यताप्राप्त असतेच असं नाही. विचारायचा शब्द आहे ‘ओमोलोगासियों’, म्हणजे फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता. ती पूर्ण शाळेला सरसकट मिळत नाही, टप्प्याटप्प्याने मिळते. एखाद्या शाळेचा प्राथमिक विभाग मान्य असतो आणि वरच्या वर्गांना मान्यता नसते. तिथे वरची मुलं बऱ्याचदा ‘क्नेद’ या फ्रेंच सरकारी दूरशिक्षण संस्थेचा अभ्यास शाळेत बसून करतात.

एईएफईच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेपुढे मान्य टप्पे लिहिलेले असतात. तुमच्या मुलाची आजची इयत्ता आणि बाहेर पडतानाची इयत्ता, दोन्ही त्या यादीत आहेत का ते बघा. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ हे उत्तर म्हणजे आज मान्यता नाही. मान्यता नसलेल्या वर्गातून दुसऱ्या फ्रेंच शाळेत जाताना मुलाला परीक्षा द्यावी लागते.

## 3. इयत्ता ओळखा

फ्रेंच शाळेत वर्ग ठरतो जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून. 2 जानेवारीला जन्मलेलं आणि 30 डिसेंबरला जन्मलेलं मूल एकाच वर्गात बसतं. सप्टेंबर 2026 च्या प्रवेशासाठी हिशेब असा:

- मातेर्नेल (बालवर्ग): पेतित सेक्सियों 2023, मोयेन सेक्सियों 2022, ग्रांद सेक्सियों 2021
- प्राथमिक: सेपे 2020, सेए-1 2019, सेए-2 2018, सेएम-1 2017, सेएम-2 2016
- कोलेज (माध्यमिक): सिझिएम 2015, सँकिएम 2014, कात्रिएम 2013, त्र्वाझिएम 2012
- लिसे (उच्च माध्यमिक): सगोंद 2011, प्रमिएर 2010, तेरमिनाल 2009

सेपे म्हणजे वयाने आपली पहिली, तेरमिनाल म्हणजे बारावी. सिझिएमचा अर्थ ‘सहावी’ आणि योगायोगाने ती आपलीही सहावीच. तिथून पुढे मात्र आकडे उलटे उतरतात. आपली सातवी म्हणजे त्यांची पाचवी, आपली नववी म्हणजे त्यांची तिसरी. फोनवर ‘मुलगा आठवीत आहे’ असं फ्रेंचमध्ये शब्दशः सांगितलं तर गोंधळ होणारच, म्हणून नेहमी जन्मवर्ष सांगा.

भाषा येत नाही म्हणून शाळा एक वर्ष मागे बसवायचं सुचवू शकते. सेपेच्या वयाच्या मुलासाठी हे मान्य करायला हरकत नाही. वरच्या वर्गात मात्र भारतात परतल्यावर वयाचा मेळ कसा बसेल ते बघूनच होकार द्या.

## 4. भाषा: इथेच बहुतेकांची गणितं चुकतात

पेतित आणि मोयेन सेक्सियोंला फ्रेंच यायची अपेक्षा सहसा नसते. ग्रांद सेक्सियोंपासून काही शाळा छोटी चाचणी घेतात. सेपेमध्ये मूल वाचायला शिकतं तेच फ्रेंचमधून, त्यामुळे फ्रेंच न येणाऱ्या मुलासाठी हा शेवटचा सोपा दरवाजा समजा. सेए-1 पासून पुढे फ्रेंच आणि गणिताची लेखी चाचणी असते आणि ती पार न झाल्यास प्रवेश नाकारला जातो.

तयारीचा अंदाज: ए1 या भाषेच्या पहिल्या पातळीला साधारण 80 ते 100 तास, त्यापुढच्या ए2 ला एकूण 180 ते 200 तास शिकवणी लागते. मुंबई आणि पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेझमध्ये मुलांचे वर्ग चालतात. लहानांसाठी डेल्फ प्रिम आणि मोठ्यांसाठी डेल्फ ज्युनियर या परीक्षा आहेत. प्राथमिकच्या वरच्या वर्गांसाठी किमान ए2 आणि कोलेजसाठी त्यावरची बी1 गाठल्याशिवाय चाचणीला बसवू नका. प्रमाणपत्र असलं तरी शाळा स्वतःची चाचणी घेतेच.

आणि चाचणीत मुलं अडखळतात ती बोलण्यापेक्षा सूचनांवर. ‘तुझं नाव काय, तुला काय आवडतं’ हे झकास येतं, पण प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनेचं क्रियापद कळत नाही. ही सहा क्रियापदं घरी पाठ करून घ्या:

- सुलिन्ये: अधोरेखित करा
- आंतुरे: गोल करा
- रलिये: जोड्या जुळवा
- कोशे: चौकटीत खूण करा
- बारे: खोडा
- रकोपिये: बघून लिहा

प्रवेश मिळाल्यावर ‘एफएलई’ किंवा ‘एफएलएस्को’ नावाची जादा भाषेची तासिका आहे का, आठवड्याला किती तास, आणि तिची फी वेगळी आहे का, हे विचारून घ्या. काही ठिकाणी या तासाला मुलाला नेहमीच्या वर्गातून उठवून नेतात. तो वेळ गणिताचा नसावा एवढं शिक्षकांना सांगणं तुमचं काम.

यजमान देशाची भाषाही बहुतेक ठिकाणी शिकावी लागते. मोरोक्को आणि अमिरातीत अरबी आहे. इंग्रजी असतेच आणि सँकिएमपासून आणखी एक परदेशी भाषा सुरू होते. मराठी, इंग्रजी, फ्रेंच आणि अरबी हा भार लहान मुलं पेलतात. बारा वर्षांच्या मुलावर एकदम टाकला तर जड जातो.

## 5. कागदपत्रं

अर्ज साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये भरले जातात, बऱ्याच शाळांत ‘एदुका’ या ऑनलाइन प्रणालीवर. प्राधान्य सहसा फ्रेंच नागरिक, शाळेतल्या मुलांची भावंडं आणि जाळ्यातल्या दुसऱ्या शाळेतून येणारी मुलं यांना. आपला नंबर त्यानंतर लागतो, म्हणून बदलीचं पत्र हातात पडायची वाट न बघता चौकशी सुरू करा.

- मुलाचा जन्मदाखला. महापालिकेचा जुना मराठी दाखला असेल तर मराठी-इंग्रजी दाखला काढून घ्या, आणि त्यात मुलाचं नाव नोंदलेलं आहे ना ते बघा. कित्येक दाखल्यांत ती जागा कोरी असते. त्याचं फ्रेंच भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून.
- अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. भारत 2005 पासून या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. मोरोक्को आणि सिंगापूरही आहेत. जो देश करारात नाही तिथे दूतावासाचं साक्षांकन लागतं. महाराष्ट्रातल्या कागदांवर आधी राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. हे काम भारतात असतानाच उरका, नंतर तिकडून करणं फार कटकटीचं.
- मुलाचा आणि दोन्ही पालकांचा पासपोर्ट आणि निवासाचा परवाना.
- मागच्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं आणि शाळा सोडल्याचा दाखला. फ्रेंच शाळेतून येत असाल तर प्राथमिकसाठी ‘सेर्तिफिका द रादियासियों’, वरच्या वर्गासाठी ‘एक्झेआ’. मागच्या शाळेची फी थकली असेल तर एक्झेआ अडतो.
- वरच्या वर्गात जायला पात्र आहे असं सांगणारं मागच्या शाळेचं पत्र.
- लसीकरणाचं कार्ड. घटसर्प, धनुर्वात आणि पोलिओ यांच्या तारखा स्पष्ट वाचता यायला हव्यात. कोत दिव्होआर आणि काँगोमध्ये पिवळ्या तापाची लस देशात शिरायलाच लागते. ती भारतात फक्त नेमलेल्या केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं.
- मुलाचा विमा: दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई (रेस्पोंसाबिलिते सिव्हिल) आणि स्वतःचा अपघात, दोन्ही. कंपनीचा आरोग्य विमा याला चालत नाही.
- पालक विभक्त असतील तर ताब्याचा न्यायालयीन आदेश, भाषांतरासह. एकत्र असाल तरी अर्जावर दोघांच्याही सह्या मागतात. आई भारतात आणि वडील तिकडे असतील तर सहीचं आधी बघा.
- 35 × 45 मिलिमीटरचे फोटो.

नावाबद्दल थोडं सविस्तर. फ्रेंच अर्जात आडनाव मोठ्या अक्षरांत आणि पहिलं नाव वेगळ्या रकान्यात असतं. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, ही कल्पना त्यांना नाही. ते ‘दुसरं पहिलं नाव’ म्हणून नोंदलं जातं आणि ‘ओम राजेश पाटील’चा वर्गात ‘ओम राजेश’ होतो. पासपोर्टवर जसं आहे अक्षरशः तसंच सगळीकडे लिहा. कोलेजच्या शेवटी ब्रेव्हे परीक्षेला आणि लिसेत ‘बाक’ या बारावीच्या अंतिम परीक्षेला नोंदणी होते, तेव्हा छापील पत्रकावरचं नाव पुन्हा एकदा अक्षर-अक्षर तपासा. पदवीवर चुकलेलं नाव दुरुस्त करायला महिने जातात.

## 6. फी

एकच आकडा विचारू नका, तुकडे विचारा: पहिल्या प्रवेशाचं एकरकमी शुल्क (परत मिळत नाही), वार्षिक नोंदणी, त्रैमासिक फी, पुस्तकं, कँटीन, बस, परीक्षा शुल्क. अनेक शाळांत फीचे तीन रकाने असतात: फ्रेंच नागरिक, यजमान देशाचे नागरिक, आणि ‘तिएर’ म्हणजे बाकीचे. आपण तिसऱ्या रकान्यात आणि बहुधा तोच सर्वांत महाग. एईएफईची शालेय शिष्यवृत्ती फक्त फ्रेंच नागरिकत्वाच्या मुलांना मिळते, त्यासाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

वर्षाची फी समान तीन भागांत असतेच असं नाही. पहिल्या त्रैमासिकाला दहापैकी चार भाग आणि पुढे तीन-तीन ही वाटणी बरीच चालते. कंपनी फी भरणार असेल तर ‘प्रीझ आं शार्ज’ नावाचं हमीपत्र शाळेला हवं असतं. त्यात पहिल्या प्रवेशाचं शुल्क आणि कँटीन धरलं आहे का, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. वर्षाच्या मध्ये बदली झाली तर सुरू झालेल्या त्रैमासिकाची पूर्ण फी बहुतेक ठिकाणी द्यावी लागते.

## 7. दप्तर, अक्षर आणि भागाकार

जूनअखेर शाळा साहित्याची यादी देते आणि ती फार काटेकोर असते. भारतातून वह्यांचा गठ्ठा नेऊ नका, तो उपयोगी पडत नाही. त्यांची वही ‘सेयेस’ आखणीची असते: 8 मिलिमीटरचे चौकोन आणि त्यात 2 मिलिमीटरवर बारीक आडव्या रेघा, कारण मुलं अक्षरं एकमेकांना जोडून लिहितात आणि अक्षराचा कान-पाय किती रेघांपर्यंत न्यायचा हे ठरलेलं असतं. आकारही ठरलेले: 17 × 22, 21 × 29.7 आणि 24 × 32 सेंटिमीटर. प्रत्येक विषयाच्या कव्हराचा रंग वेगळा. यादीत ‘24 × 32, 96 पानी, निळं कव्हर’ असेल तर नेमकं तेच घ्या. शिक्षक वर्गात ‘निळी वही काढा’ म्हणतात आणि भाषा न कळणाऱ्या मुलाला तेवढाच आधार असतो.

शिवाय शाईपेन आणि शाई पुसणारं पेन, छोटी पांढरी पाटी व तिचे मार्कर, आणि वरच्या वर्गात भोकं पाडलेले एकेरी व दुहेरी सुटे कागद. परीक्षा त्या दुहेरी कागदावरच लिहायची.

गणितात हुशार असलेलं मूलही पहिल्या महिन्यात चुकतं, आणि कारण मांडणीचं असतं. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम: 12,5. हजारांना स्वल्पविराम नाही, मोकळी जागा: आपलं 1,50,000 तिथे 150 000. लाख-कोटी विसरायचे. भागाकारात भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे वर, आणि उत्तर भाजकाच्या खाली. आपल्यासारखं दोन कंसांत नाही. 1 ला वरची तिरकी रेघ ठळक काढतात आणि 7 ला आडवी रेघ मारतात, त्यामुळे आपला साधा 7 त्यांना 1 वाटतो. हे सगळं उन्हाळ्यात आठवडाभर घरी गिरवून घेतलं तर सप्टेंबरमधलं रडणं टळतं.

आकड्यांची नावं विचित्र वाटतील: 79 म्हणजे ‘साठ-दहा-नऊ’, 92 म्हणजे ‘चार-वीस-बारा’. एकोणऐंशी आणि ब्याण्णव पाठ केलेल्या मराठी मुलाला हे इंग्रजीत वाढलेल्या मुलापेक्षा लवकर पटतं.

## 8. कँटीन

शाकाहारी कुटुंबांनी अर्जावर ‘साँ व्हियांद’ (मांसाशिवाय) या चौकटीत खूण करून थांबू नये. त्यात मासे आणि अंडी येतात. ‘नी व्हियांद, नी प्वासों, नी अफ’, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, असं लिहून द्या. मांसाचं पाणी घातलेलं सूप आणि जिलेटिन घातलेली गोड पदार्थांची वाटी, या दोन गोष्टी वेगळ्या विचारा. ‘पेआई’ नावाचा आराखडा ॲलर्जी आणि आजारपणासाठी, डॉक्टरच्या पत्रावर असतो. आहाराच्या आवडीसाठी तो मिळत नाही. घरचा डबा चालतो का हे शाळेवर आहे. चालत असेल तर प्रश्नच मिटला.

टिकली, गळ्यातला ताईत, मनगटावरचा धागा याबाबत ‘रेग्लमाँ अँतेरियर’ ही शाळेची नियमावली वाचा. धार्मिक चिन्हांवरचा 2004 चा कायदा फ्रान्समधल्या सरकारी शाळांसाठी आहे. परदेशात शाळेनुसार नियम सैल किंवा कडक असतात.

## 9. गुण वाचायला शिका

प्राथमिकमध्ये बहुधा गुण नसतात. प्रत्येक कौशल्यापुढे उद्दिष्ट साधलं, अर्धवट साधलं, साधलं नाही, अशी नोंद असते. कोलेजपासून 20 पैकी गुण. 10 म्हणजे पास, 12 ठीक, 14 चांगलं, 16 उत्तम. 20 पैकी 14 म्हणजे 70 टक्के असा हिशेब करून मुलाला बोलू नका. निबंधाला 18 देणारे शिक्षक क्वचितच. गुण, गृहपाठ आणि गैरहजेरी ‘प्रोनोत’ या ॲपवर दिसतात. वर्गातली सरासरी तिथेच असते, आपल्या मुलाचा आकडा तिच्याशेजारी ठेवून वाचा.

## 10. लिसे, बाक आणि भारताची वाट

प्रमिएरला तीन विशेष विषय, प्रत्येकी आठवड्याला 4 तास. तेरमिनालला त्यातला एक सोडून दोन, प्रत्येकी 6 तास. बाकच्या गुणांत 60 टक्के अंतिम परीक्षांचे आणि 40 टक्के दोन वर्षांच्या वर्गकामाचे, म्हणजे प्रमिएरचं पहिलं त्रैमासिकही मोजलं जातं. फ्रेंचची 4 तासांची लेखी परीक्षा आणि तोंडी प्रमिएरच्या शेवटीच होते. 2026 पासून गणिताची एक लेखीही तेव्हाच. म्हणून प्रमिएरमध्ये नव्याने प्रवेश घेणं टाळा.

भारतात अभियांत्रिकीला यायचं असेल तर तेरमिनालला गणित आणि भौतिक-रसायन. वैद्यकीयसाठी भौतिक-रसायन आणि ‘एसव्हीटी’ म्हणजे जीवशास्त्र. इथली अडचण लक्षात घ्या: भौतिक आणि रसायन हा फ्रेंच पद्धतीत एकच विषय, एकच गुण. शाळेकडून दोन्हींचा अभ्यासक्रम आणि प्रयोगांचे तास वेगळे दाखवणारं पत्र आधीच मागून ठेवा. बाक आपल्या बारावीच्या तोडीचा असल्याचं समकक्षता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते सध्या कोण देतं हे आधी तपासा. निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो आणि तोवर इथले प्रवेश सुरू झालेले असतात, त्यामुळे अर्जाची बाकी कागदं जूनमध्येच तयार हवीत. फ्रान्समध्ये शिकायचं तर बाकच्या विद्यार्थ्याने पार्कुरसुप या प्रणालीवर जानेवारीपासून अर्ज करायचा. जाळ्यातल्या शाळांमधल्या फ्रेंच नसलेल्या हुशार मुलांसाठी ‘एक्सेलांस-माजोर’ ही शिष्यवृत्ती आहे, आणि आपल्या मुलांना ती खुली आहे.

मधेच परतायचं असेल तर नववीच्या आधी किंवा सगोंद संपवून अकरावीला. सीबीएसईत दहावी आणि बारावीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणून परदेशात असताना रोज एक पान देवनागरी लिहून घ्या. बोलता येतं पण लिहिता येत नाही अशी मुलं परतल्यावर याच विषयात मागे पडतात.

निघायच्या वर्षी एक्झेआ, सगळ्या वर्षांची प्रगतीपुस्तकं आणि शिक्का मारलेलं हजेरीचं प्रमाणपत्र जूनमध्येच मागा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत शाळेचं कार्यालय बहुतेक ठिकाणी बंद असतं.